परग्रहांना हाक मारायची तर आधी पृथ्वीवर कुणाला विचारायचं?

खानापूरकर
सरळ मुद्द्यावर येतो. दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांचा आकडा 6000 च्या वर गेलाय, ट्रॅपिस्ट-1 नावाच्या ताऱ्याभोवती तर पृथ्वीच्या मापाचे 7 दगडी ग्रह फिरतायत आणि ते साधारण 40 प्रकाशवर्षांवर, म्हणजे या हिशोबात आपल्या गल्लीतच. त्यांच्याकडं दुर्बिणी रोखा, पाहिजे तेवढा पैसा लावा, माझा पाठिंबा आहे. पण आपण होऊन तिकडं मेसेज सोडायला माझा विरोध आहे आणि तो एलियन येऊन मारतील या भीतीनं नाही. 1974 ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ डिशवरून एम-13 या तारकागुच्छाकडं 1679 बिटांचा संदेश सोडला, 2017 ला नॉर्वेतनं लॉयटनच्या ताऱ्याकडं सोडला. बोलले सगळ्या पृथ्वीच्या वतीनं, विचारलं कुणाला? आपल्या बेळगाव सीमाभागातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. 1956 ला आपले तालुके कुठल्या राज्यात जाणार ते ठरलं तेव्हा आपल्या आजा-पणजाच्या दारात कोण विचारायला आलं नव्हतं, आणि केस अजून सुप्रीम कोर्टात आहे. तिथं निदान कोर्टात तरी जाता येतं, सिग्नल एकदा सुटला की प्रकाशाच्या वेगानं जातोय, त्याला कोण आणि कसा परत बोलावणार?

टिळकवाडीवाली
दादा, सीमाप्रश्न माझ्याही घरातला आहे, पण तो इथं लावू नका. राज्याच्या निर्णयानं माझी शाळा, माझा सातबारा, ऑफिसातली भाषा सगळं बदललं. बारा प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडं सोडलेल्या रेडिओलहरीनं कुणाचं काय बदललं? आणि लपायचं म्हणाल तर ती वेळ कधीच गेली. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन 200 कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, जेम्स वेबपेक्षा चांगली दुर्बीण कुणाकडं असेल तर इथं काहीतरी जगतंय याचा अंदाज त्यांना आपण माणूस व्हायच्या आधीच आला असेल. सगळेच कान लावून बसले आणि तोंड कुणीच उघडलं नाही तर काय ऐकणार आहात? लॉयटनचा तारा 12.4 प्रकाशवर्षांवर आहे, 2017 चा संदेश 2030 च्या सुमाराला पोचेल आणि तिथं कोण असेलच तर उत्तर लवकरात लवकर 2042 ला. माझा मुलगा आत्ता चौथीत आहे, त्याच्या हयातीत हे घडू शकतं ही केवढी गोष्ट आहे!

निपाणीकर
ताई, ऑक्सिजनवरून एवढंच कळतं की काहीतरी जगतंय, तिथं रेडिओ बनवणारं कोण आहे हे कळत नाही. आपले रेडिओ-टीव्हीचे सिग्नल गळतात म्हणून सगळे सांगतात, पण ते चहूकडं पसरून इतके क्षीण होतात की दूरवर पकडायला अवाढव्य अँटेना लागेल. मोठ्या डिशवरून एकाच दिशेला ताकदीनं सोडलेली रडारची लहर ही वेगळीच गोष्ट आहे, तिच्या वाटेवर असणाऱ्याला ती ठळक दिसते. म्हणून तर अरेसिबोनंतर मार्टिन राइल यांनी विरोध केला, त्याच वर्षी नोबेल मिळालेला रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ माणूस, त्यांना काय विज्ञानाचं वावडं होतं का? परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या 1989 च्या जाहीरनाम्यातपण लिहिलंय की परका सिग्नल आलाच तर आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. उत्तराला एवढं बंधन आणि आपण होऊन बोलायला मोकळीक, हे कुठं बसतंय?

अथणीहून
दोघंपण संवाद होणारच असं धरून भांडायलाय. एम-13 पंचवीस हजार प्रकाशवर्षांवर आहे, उत्तर यायला पन्नास हजार वर्षं. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, जेमतेम दीड हजार वर्षांचे, ते आज कळतात कारण लिपी जाणणारे आणि जुने लेख जपणारे लोक मधे होते. पन्नास हजार वर्षं आपण काय विचारलं होतं हे कोण सांभाळून ठेवणार? मला वाटतं पाठवायचा की नाही यापेक्षा तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर कोण बोलंना.

टिळकवाडीवाली
त्याच्यावरच बोलते. 1977 च्या व्हॉयेजर यानावरची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी याच विचारानं बनवली, कुणी नाही वाचली तरी इथं कोण होतं ते टिकून राहावं म्हणून. 55 भाषांतले नमस्कार आहेत त्यात, मराठी आहे, कन्नड पण आहे, आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि मोजक्या लोकांनी काही महिन्यांत हे केलं. सगळ्या देशांच्या सह्या गोळा करत बसले असते तर यान मोकळंच गेलं असतं. दादा, त्यांनीपण कुणाला विचारलं नव्हतं, मग ते पण चुकलं म्हणणार का तुम्ही?

चिकोडीचा मास्तर
मला दोघांनाही विचारायचंय. संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला, सगळ्या सरकारांनी सह्या केल्या, तर लोकांना विचारलं असं धरायचं का? राज्य पुनर्रचनेचा कायदा पण संसदेतच पास झालेला आहे. खानापूरकरांचं दुखणं खरं आहे पण औषध कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही.

खानापूरकर
मास्तर, प्रश्न रास्त आहे. ताईंना आधी सांगतो, व्हॉयेजर मला पूर्ण मान्य आहे आणि केसरबाईंचा आवाज तिकडं चाललाय याचा अभिमानही आहे. सेकंदाला 17 किलोमीटरनं जाणाऱ्या त्या यानाला दुसऱ्या ताऱ्याच्या थोडंफार जवळनं जायलाच 40 हजार वर्षं लागतील, ते कुणाचं लक्ष वेधून घेत नाही. नेम धरून एका ग्रहावर सोडलेला सिग्नल तसा नसतो.

आता औषध. नुसत्या सरकारांच्या सह्या मलापण पुरेशा वाटत नाहीत. ज्या संस्थेला असा संदेश सोडायचाय तिनं मजकूर, दिशा, ताकद सगळं काही वर्षं आधी जाहीर करावं, वेगवेगळ्या भाषांत, आणि हरकती घ्याव्यात, जशा धरणाच्या किंवा रिंगरोडच्या वेळी जनसुनावणीत घेतात. त्या सुनावण्या कशा होतात ते मला माहीत आहे, तरीपण हरकत लेखी नोंदवायचा हक्क असणं आणि नसणं यात फार फरक आहे. तोवर ऐकण्यात काही कमी करू नये. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 डिश आहेत, आपल्याच देशात आहेत, आपल्या पोरांना तिथं घेऊन जा, ऐकणं हेच किती अवघड काम आहे ते बघू दे.

टिळकवाडीवाली
जनसुनावणीचं पटलं, फक्त नकार देणाऱ्याला कायमचा व्हेटो मिळता कामा नये. हरकतीला मुदत ठेवा, पाच वर्षं म्हणा, आणि त्यानंतर पाठवा. नाहीतर तुमचं "आधी विचारा" म्हणजे "कधीच नको" होणार, आणि त्याला माझा विरोध कायम आहे.