मोठ्या अपघातात रक्त का थांबत नाही

उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्या पेशंटचं रक्त थांबेना, त्याला आधीपासून रक्ताचा आजार असेल का, असं एकाने विचारलंय. तसं असेलच असं नाही. मोठा मारच रक्त बिघडवतो. गंभीर जखमींपैकी साधारण चौथ्या हिश्श्याची गोठण्याची क्रिया दवाखान्यात पोचायच्या आतच बिघडलेली असते.

सगळ्यात आधी घसरतं ते फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन. एरवी १०० मिलीलिटर प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) ते २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. त्याच्या धाग्यांची जाळी जखमेवर बसते आणि घटक १३ हे गोठण्याचं दुसरं प्रथिन ते धागे एकमेकांना पक्के बांधतो. पुढे जखम भरताना नव्या पेशी याच जाळीवरून सरकतात. तासगावकडच्या माणसाला सांगायचं तर द्राक्षवेलीला मांडव लागतो, तसंच हे. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, याही नुसतं भोक बुजवत नाहीत, पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात.

सलाईन फार झालं की रक्त गोठवणारे उरलेले घटक पातळ होतात, अंग गार पडलं की त्यांचं काम मंदावतं. जखमी चुलतभावाला रात्री मिरजेला नेताना आम्ही त्याला काहीच पांघरलं नव्हतं. ती हळहळ अजून आहे. घोंगडं, चादर, जे हाताशी असेल ते घाला.

आणि वेळ! ट्रानेक्झामिक ॲसिडचं (रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन ३ तासांच्या आत मिळालं तर जीव वाचतात, हे २० हजारांहून जास्त जखमींवरच्या क्रॅश-२ नावाच्या औषध-चाचणीतून २०१०-११ मध्ये दिसलं. उशिरा दिल्यास उलट अपाय. जत-आटपाडीहून निघताना हे ३ तास अपघातापासून मोजा.