विषय: बोसेसचा वर्ग – मुलाला शाळेतून काढतायत का?

नमस्कार मंडळी,

आमचा धाकटा सात वर्षांचा. परवा सीएसईच्या (विशेष शिक्षण कमिटीच्या) मीटिंगमध्ये आमच्या शाळा-डिस्ट्रिक्टने त्याच्यासाठी बोसेसचा, म्हणजे अनेक डिस्ट्रिक्टसाठी सामायिक सेवा देणाऱ्या संस्थेचा, ८:१:१ वर्ग सुचवला. तेव्हापासून सासूबाई विचारतायत, "शाळेनं नाव काढलं का गं?" धास्ती मलाही आहे. या गावात घर घेतलं तेच शाळांसाठी. कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

---

ताई,

सासूबाईंना आधी सांगा, नाव कुणीही काढलेलं नाही. मूल तुमच्याच डिस्ट्रिक्टचं राहतं. फी तुम्हाला पडत नाही, बसची सोय डिस्ट्रिक्ट करतं, आणि आयईपी (मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना) दरवर्षी तपासते ती डिस्ट्रिक्टचीच कमिटी. ८:१:१ म्हणजे जास्तीत जास्त आठ मुलं, एक शिक्षक, एक मदतनीस.

न्यूयॉर्क राज्याने १९४८ साली बोसेसचा कायदा केला. आज राज्यात ३७ बोसेस आहेत. आपल्या मन्रो काउंटीत दोन: मन्रो वन आणि मन्रो टू-ऑर्लीन्स. ब्रायटन, पिट्सफर्ड, पेनफिल्ड, फेअरपोर्ट, वेबस्टर ही सगळी डिस्ट्रिक्ट मन्रो वनमध्ये. रोचेस्टर शहर मात्र नाही. राज्यातली पाच मोठी शहरं या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत.

आपल्याकडे एकेका गवळ्याला शीतकरण केंद्र परवडत नाही, म्हणून दूध संघ ते उभारतो. तसंच हे. एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये दृष्टी अधू असलेली दोनच मुलं असली, तर त्यांच्यासाठी पूर्ण पगाराची तज्ज्ञ शिक्षिका कशी ठेवणार? बोसेस तिला नेमते. ती आज एका गावात, उद्या दुसऱ्या. जितकी सेवा घेतली तितकं डिस्ट्रिक्ट भरतं आणि त्यातला काही भाग पुढच्या वर्षी राज्य परत करतं, गरीब डिस्ट्रिक्टना जास्त. बोसेसला स्वतः कर लावता येत नाही, तिचा खर्च आपल्या शाळांच्या बजेटमधूनच जातो. म्हणून जे नागरिक आहेत त्यांनी मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारचं मतदान चुकवू नये, ही कळकळीची विनंती.

पण ताई, वर्ग चांगला आहे म्हणून लगेच हो म्हणू नका. आधी तो बघायला मागा. दिवसातला किती वेळ इतर मुलांबरोबर जाणार? स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा? प्रगती झाली तर गावातल्या शाळेत परत कधी आणि कसं? उत्तरं लेखी घ्या. पटलं नाही तर हरकत घ्यायचा आणि सुनावणी मागायचा हक्क तुम्हाला आहे. ज्या आईवडिलांना इंग्रजीची अडचण आहे, त्यांनी मीटिंगला मराठी दुभाषी मागावा. सोय करणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे.

---

मंडळी,

एक भर. बोसेस म्हटलं की "अभ्यासात मागे असलेली मुलं" असं आपल्या मंडळातही बोललं जातं, आणि मला त्याचा फार त्रास होतो. आमची मुलगी अकरावी-बारावीत अर्धा दिवस बोसेसला आरोग्यसेवेचा कोर्स करायची आणि अर्धा दिवस आपल्या शाळेत केमिस्ट्री. रोज संध्याकाळी आजोबांचं बीपी तीच घ्यायची. पट्टा दंडावर कुठे बसला पाहिजे, हात टेबलावर कसा टेकवायचा, मोजताना आजोबांनी बोलायचं का नाही, सगळं त्यांना मराठीत समजावून. डिप्लोमा तिला आपल्याच हायस्कूलचा मिळाला. ज्यांची मुलं आता दहावीत आहेत, त्यांनी पुढच्या वर्षीचे विषय निवडायच्या आधी काउन्सेलरला गाठा. काही कोर्सना जागा कमी असतात आणि त्या लवकर भरतात.