अनुभव धागा: गावच्या जुन्या टीव्हीला स्टिक लावावी की नवा स्मार्ट टीव्ही घ्यावा?

मंडळी, गणपती जवळ आले की गावच्या टीव्हीचा विषय निघतोच. (स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला, म्हणजे मागच्या चपट्या खाचेला, लावायचं छोटं उपकरण; नेटवरची अ‍ॅप त्यावर चालतात.) मुंबईतला सल्ला इथे पुरत नाही. खारी हवा, लाइटची ये-जा, वळवाच्या विजा, चिऱ्याच्या जाड भिंती. तुमच्याकडे काय टिकलं ते सविस्तर लिहा.

गुहागर (धागाकर्ती)
आमच्या जुन्या एलईडीचं चित्र अजून छान आहे आणि एचडीएमआय पोर्टही आहे, म्हणून स्टिकच घेतली. टीव्हीच्या यूएसबीवर ती मधेच बंद पडून परत सुरू व्हायची. जुन्या टीव्हीचं यूएसबी बहुधा ०.५ अँपिअरच देतं, स्टिकला साधारण १ अँपिअर लागतो. सोबतचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावल्यापासून सुरळीत. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर खोक्यातली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर वापराच, मागे कोंडली की स्टिक तापते.

देवगड
समुद्र अगदी दारात. आमच्याकडे पॅनेल (पडदा) शाबूत असतानाच टीव्ही जातो, कारण आतल्या बोर्डाला गंज चढतो. मेकॅनिकने उघडून हिरव्या पडलेल्या पिना दाखवल्या. त्यामुळे माझं मत ठाम आहे: समुद्राकडच्या खोलीत महाग टीव्ही नको. साधा टीव्ही घ्या, अ‍ॅप स्टिकवर चालवा. पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आत ओल धरत नाही.

मालवण
आमच्या आयेक दोन रिमोट जमनत नाय! म्हणून स्मार्ट टीव्हीच घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेही पथ्यावर पडलं. घरात वयस्कर माणसं असतील तर हाच मार्ग.

गुहागर
@मालवण, टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू केलं की स्टिकच्याच रिमोटने टीव्हीही चालू-बंद होतो. बहुतेक जुन्या एलईडींत ही सोय असते, कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात.

चिपळूण
स्मार्ट टीव्हीतलं सॉफ्टवेअर पॅनेलच्या आधी म्हातारं होतं, हे ध्यानात ठेवा. नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर बंद झालं. टीव्ही धडधाकट, अ‍ॅप गेलं. तिथे पुन्हा स्टिकच कामी येते.

श्रीवर्धन
विजा चमकायला लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही. डिशची केबल आणि राउटरकडून येणारी लॅन वायरही काढा. तांब्याच्या तारेतून झटका येतो, मग स्टिक आणि टीव्ही दोन्ही जातात.

राजापूर, सध्या डोंबिवली
आमचं घर वर्षातला बराच काळ बंद. स्टिक मी बॅगेतून नेतो-आणतो, तिथे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो. नेटफ्लिक्सला फुल एचडीसाठी नेटचा वेग ५ एमबीपीएस लागतो, त्याहून बारीक चित्राच्या फोर-केला १५. आमच्या वाडीत १५ कुठून मिळणार? शिवाय फुल एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे रोजच्या १.५ जीबीचा पॅक अर्ध्या तासात खलास. अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा कमी करून ठेवा. फायबर आलं नसेल तर फोर-के टीव्हीवर पैसे घालू नका.

वेंगुर्ला
आमचा डब्बा टीव्ही आहे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा. त्याला स्टिक चालेल का?

देवगड
मधे एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर लावून चालते, पण अक्षरं नीट वाचता येत नाहीत. त्यापेक्षा ३२ इंची साधा एलईडी बघा.