मदत हवी आहे: इलेक्ट्रॉनिक्समध्ये रमणाऱ्या भाचीला शाळा पूर्ण झाल्याबद्दल पेन द्यायचंय, कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी, भाचीसाठी एक चांगलं पेन घ्यायचंय. पोस्ट लांब आहे, पण तिच्या सवयी सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सुचवता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मुलगी अठराची होतेय, शाळा संपली, पुढे इलेक्ट्रॉनिक्सच करणार हे तिचं कधीपासून ठरलेलं आहे. लॅपटॉप, हेडफोन वगैरे घरातल्या इतरांनी आधीच वाटून घेतलंय आणि मला मुळात पेनच द्यायचंय. हे बोलले की जो तो म्हणतो अगं ती लिहिते कुठे, सगळं टाइप तर करते. पण मी बघितलंय, ती लिहिते. सर्किट डोक्यात आलं की आधी चौकटींच्या वहीत काढते, प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात किती ओहम किती व्होल्ट ते लिहिते आणि ते जमलं की मगच कॉम्प्युटर उघडते. फक्त हे सगळं हाताला लागेल त्या पेनाने चालतं, मध्येच पेन बंद पडतं, मग ते चालू करायला पानाच्या कोपऱ्यात गिरवलेले गोल गोल दिसतात. हिच्या हातात एक धड पेन असायला हवं असं मला फार वाटतं.

तिचा कीबोर्ड तिने स्वतः बनवलाय. त्यातले स्विच निवडताना एकेक स्विच कानाशी धरून हळूहळू दाबायची, कुठे अडतो, कुठे सुटतो, आवाज जाड येतो की बारीक, असं तासन् तास चालायचं. खटक्याचं पेन हातात आलं की पहिल्यांदा उघडते, स्प्रिंग काढते, परत घालते. म्हणजे नुसतं दिसायला भारी, खोक्यात शोभणारं पेन तिच्या उपयोगाचं नाही, ज्याच्या आत काहीतरी बघण्यासारखं आहे असं हवं. आणि महत्त्वाचं म्हणजे ती डावखुरी आहे, हाताची कड कायम निळी असते.

आतापर्यंत मी जे वाचलंय त्यातून काही नावं काढलीत. लॅमी सफारी हे शाईपेन सगळेच सुचवतात, पकड तिकोनी आहे, निब सहज बदलता येते, १९८० पासून ते शाळेतल्या मुलांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवलंय. पण म्हणूनच वाटतं की शाळा संपल्यावर शाळेचं पेन का द्यायचं? त्याच कंपनीचं लॅमी २००० हे १९६६ चं डिझाइन आहे, काळं पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिक, शाई भरायला मागची फिरवायची मूठ कुठून सुरू होते ती फट बंद असताना दिसतसुद्धा नाही, ते मला स्वतःला प्रचंड आवडलं, पण त्यात आत काय चाललंय हे बाहेरून काहीच कळत नाही. मग ट्विस्बी इको, आरपार दिसणारं, शाई आत ओढणारा पिस्टन वरखाली होताना दिसतो आणि खोक्यातच ते उघडायचा पाना आणि पिस्टनला लावायचं ग्रीस येतं. हे वाचून मी जवळजवळ घेतलंच होतं, तेवढ्यात डावखुरेपणाचं लक्षात आलं. पायलटचं कॅपलेसपण बघितलं, शाईपेन असून खटक्याने उघडतं, निब आत गेली की पुढचं भोक एका छोट्या झडपेने बंद होतं, १९६३ पासून बनवतायत. बजेट मध्यम आहे, कॅपलेसपर्यंत ताणता येईल पण मग ते तिने खरंच रोज वापरलं पाहिजे.

शिवाय एकजण म्हणाले स्मार्टपेन दे, वहीत लिहिलेलं फोनमध्ये जातं, टेक्निकल मुलीला तेच आवडेल. मला त्याबद्दल शंका आहे पण ठामपणे सांगता येत नाही.

तर डावखुऱ्या मंडळींनी खास सांगा, शाईपेन जमतं का? की सरळ चांगलं मेटलचं बॉलपेन घेऊ? तिने ते कॉलेजभर वापरावं, नंतरही वापरावं, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद १ (डावखुरा)

मी डावखुरा, वर्षानुवर्षं शाईपेनच वापरतोय. जमतं, पण हात कसा ठेवते ते आधी बघा. डावखुऱ्यांचे ढोबळ तीन प्रकार. काहीजण हात ओळीच्या खाली ठेवून लिहितात, त्यांना काहीच त्रास नाही. काही मनगट वळवून ओळीच्या वरून लिहितात, त्यांचा हात आधीच्या ओळींवर टेकतो, तोवर ती शाई वाळलेली असली तर बचावतात. आणि काहींचा हात ओळीवरच असतो, म्हणजे जे लिहिलं त्याच्यावरून लगेच तळहाताची कड फिरते. हाताची कड निळी म्हणताय म्हणजे बहुतेक हा तिसरा प्रकार. बॉलपेननेच एवढी निळी होत असेल तर ओल्या शाईने काय होईल बघा.

तरी घ्यायचंच असेल तर निब बारीक घ्या. जपानी निबेचं एफ (फाइन, म्हणजे बारीक) हे युरोपियन एफपेक्षा बारीक असतं, रेघ बारीक म्हणजे कागदावर शाई कमी, म्हणजे लवकर वाळते. लवकर वाळणारी शाईसुद्धा मिळते. गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई वरच थांबते आणि वाळायला खूप वेळ लावते, साध्या कागदावर पटकन वाळते पण फुटते. निब, शाई, कागद तिन्ही बघावं लागतं.

आणि डावखुरे निब ढकलत लिहितात, उजवे ओढत. टोकदार निब ढकलली की कागदात रुतते आणि खरखरते, त्यामुळे शक्यतो तिच्याच हातात देऊन, तिच्याच कोनात लिहून बघितल्याशिवाय महागडं पेन घेऊ नका. कॅपलेसची क्लिप निबेच्या बाजूलाच असते, बरोबर बोटांच्या मध्ये येते. काहींना ती पकडीला मदत वाटते, काहींना पाच मिनिटंही सहन होत नाही, हे सरप्राइज भेटीत कळणार कसं?

प्रतिसाद २

स्मार्टपेन अजिबात देऊ नका. माझ्याकडे होतं एक, कंपनीचं नाव नको. त्यातल्या बऱ्याच पेनांना बारीक ठिपक्यांची खास वही लागते, पेनाच्या टोकाचा कॅमेरा ते ठिपके वाचून आपण पानावर कुठे आहोत ते ओळखतो. वही संपली की तीच परत मागवा. मग फोन अपडेट झाला, त्यांचं अ‍ॅप चालेना, कंपनी उत्तर देईना, आणि हातात उरलं एक जाडजूड साधं बॉलपेन. कॉलेजभर टिकायला हवं म्हणताय ना, मग ज्याला अ‍ॅप लागतं ते नकोच.

प्रतिसाद ३ (खटका)

ताई, मुलगी स्विच कानाशी धरून ऐकते म्हणताय तर उत्तर तुम्हीच दिलंय, तिला खटक्याचं मेटल पेन द्या. त्यातल्या त्यात बोल्ट अ‍ॅक्शन बघा, वरचं बटण दाबायचं नसतं, पेनाच्या अंगावर एक खाच असते आणि त्यात एक छोटा दांडा पुढे ढकलून बाजूला अडकवायचा. लेथवर एकाच धातूच्या कांबीतून कातून काढलेली अशी पेनं छोटे छोटे कारागीर बनवतात. चांगल्या पेनात दांडा सरकताना कुठेच खरखर नाही आणि शेवटी नेमका ठक् करून बसतो. ती दिवसभर तेच करत बसेल आणि घरच्यांना त्रास होईल एवढाच धोका.

धातू विचार करून घ्या. पितळ टायटेनियमच्या जवळपास दुप्पट जड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट. पितळी पेन हातात घेतल्यावर फार भारी वाटतं पण दोन तास नोट्स काढल्या की हात भरून येतो. टायटेनियम वजनाने मधलं, गंजत नाही, रोज दप्तरात टाकलं तरी चालतं. वर त्याचे जे निळे जांभळे रंग दिसतात ते रंग लावलेले नसतात, वीज देऊन वर ऑक्साइडचा पातळ थर चढवतात आणि किती व्होल्ट दिले त्यावर थराची जाडी, आणि जाडीवर रंग ठरतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलीला हे एवढं सांगितलं तरी ती पेनाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची रिफिल. पार्करच्या मापाची रिफिल बसणारं पेनच घ्या. पार्कर जॉटर १९५४ मध्ये आलं, त्याच्या रिफिलचं माप पुढे इतकं पसरलं की आज ढीगभर कंपन्या त्या मापात बॉल, जेल, सगळं बनवतात. या मापाला जी टू म्हणतात आणि पायलटचं जी टू नावाचं जेलपेन आहे त्याची रिफिल पूर्ण वेगळी, लांब, ती यात बसत नाही. ऑनलाइन मागवताना हमखास घोळ होतो, नीट बघून घ्या.

आणि फिशरची स्पेस पेनची रिफिल, तिच्यासोबत एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा येतो, तो मागे लावला की ती पार्करच्या मापाच्या पेनात बसते. साध्या बॉलपेनात शाई आपल्या वजनाने खाली गोळीपर्यंत येते, उलटं धरून लिहिलं की थोड्या वेळात थांबतं. यात रिफिल बंद असते, आत नायट्रोजन दाबून भरलेला, शाई एरवी घट्ट आणि गोळी फिरायला लागली की पातळ होणारी. १९६८ मध्ये अपोलो ७ मधून हे पेन अंतराळात गेलं. नासाने पेनावर करोडो उधळले आणि रशियनांनी पेन्सिल वापरली हा फॉरवर्ड खोटा आहे, पॉल फिशरने ते स्वतःच्या पैशाने बनवलं आणि सोव्हिएत मंडळींनीही नंतर तेच विकत घेतलं.

प्रतिसाद ४

पेनाऐवजी पेन्सिल चालेल का? कुरु टोगा म्हणून यूनीची येते, प्रत्येक वेळी टोक कागदावरून उचललं की आतली शिसं किंचित फिरते, त्यामुळे एकाच बाजूने झिजत नाही आणि रेघ सारखी राहते. सर्किट काढणाऱ्यांना खोडायला लागतंच.

खोडता येणारं पेन म्हणून फ्रिक्शनचा विचार करत असाल तर जपून. ती शाई घासून गरम झाली की दिसेनाशी होते, साधारण ६० डिग्रीला. सोल्डरिंगच्या टेबलावर वही गरम झाली तर लिहिलेलं गायब. फ्रीझरमध्ये ठेवून परत आणता येतं, पण कॉलेजच्या पेपरवर किंवा सहीसाठी ती शाई नकोच.

प्रतिसाद ५ (निळी शाई)

सगळे बॉलपेनकडे वळवतायत म्हणून लिहितोय. डावखुरी आहे म्हणून शाईपेन बाद करू नका हो. तुम्हीच म्हणालात ती सर्किट काढते आणि शेजारी आकडे लिहिते. ते काही ओळीमागून ओळ सलग लिहिणं नाही, हात उचलत उचलत होतं, त्यात पुसायचं प्रमाण खूप कमी. ट्विस्बी इको तिच्यासाठीच बनवल्यासारखं आहे. निबेखाली जे काळं पट्ट्यापट्ट्यांचं फीड असतं त्याच्या बारीक खाचेतून शाई पुढे सरकते आणि तेवढीच हवा मागे टाकीत जाते, ते आरपार पेनात बुडबुड्यांसकट दिसतं. हवा मागे गेली नाही तर शाई पुढे येणार नाही, आणि हवा जास्त गेली तर गळणार. हे बघणं आणि समजणं म्हणजे काय मजा आहे ते तिला कळेल. फक्त पहिल्यांदा स्वतः उघडून दाखवा, घट्ट पिळायचं नाही, प्लॅस्टिक आहे. आणि ड्रॉइंगची इंडियन इंक कधीही भरायची नाही, ती आत वाळून बसते. चमकीच्या शायाही सुरुवातीला नकोत.

मूळ पोस्ट लिहिणारी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बहिणीला सांगून ती लिहिताना गुपचूप व्हिडिओ काढायला लावला. डावखुरा म्हणाले तेच, हात ओळीवरच आहे, आणि वर वहीसुद्धा सरळच ठेवते, तिरकी करत नाही. निळी शाई यांचं म्हणणंही त्यात दिसलं, सर्किट काढताना हात उचलूनच काढते. पण कॉलेज सुरू झालं की लेक्चरच्या नोट्स असणार, त्यात तो हात फिरणारच, आणि पहिल्याच आठवड्यात पान बरबटलं तर ती पेन ड्रॉवरमध्ये टाकेल, ओळखते मी तिला.

म्हणून बोल्ट अ‍ॅक्शनचं टायटेनियमचं घेतेय, पार्करच्या मापाचं. त्याच्या खोक्यात तीन वेगळ्या रिफिल ठेवणार, एक ०.५ ची जेल, एक पातळ शाईची बॉल आणि एक स्पेस पेनवाली, कोणती कड निळी करत नाही ते तिचं तिने शोधावं, तिला असं शोधायला आवडतं. रंगाचं व्होल्टवालं पत्रात लिहिणार आहे. स्मार्टपेन पूर्ण कटाप. ट्विस्बी मनातून गेलेलं नाही, पण ते तिने माझ्याकडे मागितलं की देईन.

एकच शेवटचं विचारते, त्यावर तिचं नाव कोरून घेऊ का?

प्रतिसाद ३ (खटका)

घ्या की. लेझरने कोरलेलं टायटेनियमवर छान उठतं आणि पुसत नाही, अ‍ॅल्युमिनियमवर वरचा रंगाचा थर जाऊन अक्षरं चंदेरी दिसतात तेही चांगलं. रंग मारलेल्या पितळेवर मात्र कडेने रंगाचे टवके उडू शकतात. नाव खाचेच्या विरुद्ध बाजूला घाला, म्हणजे बोल्टवर अंगठा असताना झाकलं जाणार नाही, आणि डावखुरी आहे तर पेन तिच्या हातात धरल्यावर अक्षरं सुलटी दिसतील अशा दिशेने कोरायला सांगा, कोरणारे सवयीने उजव्या हाताच्या हिशोबानेच करतात. कोरायला द्यायच्या आधी मात्र तिन्ही रिफिल घालून बघा, बोल्ट पुढे अडकवल्यावर टोक नीट बाहेर येतं का, लिहिताना भोकात लटपटत नाही ना. नाव घातल्यावर कोणी परत घेत नाही.