ठसका नाही म्हणजे गिळणं ठीक, असं नसतं

"अर्धांगवायूनंतर वडिलांना ठसका लागत नाही, मग बेरियमच्या (एक्स-रेत दिसणारी पूड घासात कालवून गिळणं बघायच्या) तपासणीला परभणीहून संभाजीनगरला कशाला न्यायचं?" असं वर विचारलंय. दादा, न्याच. आमच्या आईलाही ठसका नव्हता. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर खाल्ली की आवाज तेवढा ओला, घोगरा यायचा. आम्ही तो थकवा समजलो. न्यूमोनिया झाल्यावर कळलं. बेरियम कालवलेला घास श्वासनलिकेत उतरताना हलत्या एक्स-रेत मी डोळ्यांनी पाहिला, आणि ती शांत बसलेली! घास श्वासमार्गात किती उतरतो हे मोजायला १९९६ मध्ये मांडलेल्या ८ पायऱ्यांच्या मोजपट्टीत हीच शेवटची पायरी: स्वरतंतूंच्या खाली गेलं तरी खोकला नाही. हनुवटी झुकवून, घोट दाट करून काय नीट उतरतं, तेही तिथंच बघतात. तोवर त्यांना आडवं असताना पाणी पाजू नका.