मदत हवी आहे : एनसीसीच्या नौदल विभागासाठी आठवीत शाळा बदलावी का?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका गावातून हा प्रश्न मांडत आहे. माझ्या धाकट्या भावाची मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये यंदा आठवीत गेली आहे. तिच्या शाळेत एनसीसीची तुकडी आहे, परंतु ती भूदल विभागाची. मुलीला हवा आहे नौदल विभाग. कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली आयएनएस चपल ही क्षेपणास्त्र नौका पाहून आल्यापासून तिने हा ध्यास घेतला आहे. तिचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, त्यामुळे पलटणीविषयी आम्हाला बाहेर कोणाला विचारावे लागत नाही. जहाजाविषयी मात्र घरात कोणीच अधिकाराने बोलू शकत नाही.

कारवारला तिची आत्या राहते. तेथील एका शाळेत नौदल विभागाची तुकडी असून मुलीला ठेवून घ्यायला आत्या आनंदाने तयार आहे. अडचण अशी की ती शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, आणि जिने सातवीपर्यंत गणित व विज्ञान मराठीतून शिकले तिला दहावी इतकी जवळ आली असताना माध्यम बदलायला लावणे तिच्या आईला मुळीच मान्य नाही.

ज्युनियर विभागाचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते आणि ७५ टक्के परेडना हजेरी असल्यासच ए सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येते, इतके समजले आहे. नौदल विभागात कवायतीच्या जोडीला होडी वल्हवणे, दोरांच्या गाठी, झेंड्यांनी संदेश देणे, जहाजांच्या प्रतिकृती करणे असे विषय असतात. २०२० मध्ये किनारपट्टीच्या आणि आंतरराष्ट्रीय सीमेवरच्या १७३ जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट घेण्याची घोषणा झाली होती, पण किनारा नसल्यामुळे आपला बेळगाव जिल्हा त्यात बसत नाही. (आपण सीमाभागातले असलो तरी ही सीमा निराळी.)

पुढे अधिकारी व्हायचे असेल तर शाळेतला नौदल विभाग हुकल्याने खरोखर नुकसान होते का, आणि आता भूदल विभागात नाव घातले तर महाविद्यालयात नौदल विभाग घेता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

नमस्कार दादा. मी चिकोडी तालुक्यातला, नौदलातून निवृत्त झालेला आहे. नौदलात अधिकारी होण्यासाठी ए सर्टिफिकेटची अट नाही. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि २०२२ पासून तेथे मुलीही प्रशिक्षण घेत आहेत. लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६००, ज्यांपैकी २०० इंग्रजीचे. त्यानंतर एसएसबीच्या (सेना निवड मंडळाच्या) मुलाखतीचे आणखी ९००. यांत एनसीसीचे म्हणून वेगळे गुण नसतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असणे मात्र नौदलासाठी आवश्यक आहे. वजन आहे ते सी सर्टिफिकेटला, ते महाविद्यालयातील सीनियर विभागात मिळते आणि पदवीनंतर नौदलाच्या काही प्रवेशांत त्याची सवलत असते. महाविद्यालयात भरती नव्याने होते, त्यामुळे शाळेत भूदल विभाग केला म्हणून पुढे नौदल विभागाचे दार बंद होत नाही.

माझ्या मते तिने आहे त्या तुकडीत नाव घालावे. शिस्त, कॅम्प आणि चारचौघांत उभे राहून बोलण्याचा सराव तिथेही तोच मिळतो. पोहणे मात्र आत्ताच शिकवा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगांची ओळखही तपासून घ्या. बारावीपर्यंत जिवापाड तयारी करून वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणामुळे परत आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरी हा दोष तोवर ठाऊकच नव्हता.

प्रतिसाद २

मी बेळगावात गणित शिकवते. वरील मताशी सहमत आहे, तरी माध्यमाचा प्रश्न त्यामुळे संपत नाही, केवळ तीन वर्षे पुढे जातो, कारण पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) विज्ञान तिला इंग्रजीतूनच करावे लागेल. कर्नाटकात गणित व विज्ञानाची पाठ्यपुस्तके अनेक माध्यमांत निघतात आणि त्यांतील धडे तेच असतात. म्हणून मराठी पुस्तकाशेजारी त्याच इयत्तेचे इंग्रजी पुस्तक ठेवून रोज एक-दोन उदाहरणे दोन्हींतून सोडवून घ्यावीत. कारवारचा पर्याय पीयूसीसाठी राखून ठेवता येईल. त्या वेळी मुलगीही मोठी झालेली असेल. तेव्हा नौदल विभाग असलेले महाविद्यालय पाहूनच प्रवेश घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वहिनींना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. इंग्रजी पुस्तकाची सूचना त्यांना विशेष पटली. भूदल विभागासाठी ती या आठवड्यात शाळेत नाव देईल. आमच्याकडची मुले मलप्रभेत आपापली पोहायला शिकतात, पण मुलीला तसे नदीत पाठवायला घर तयार नाही. बेळगाव शहरात मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षिका असलेला तलाव कोणता, आणि खानापूरहून बसने येणाऱ्या मुलीला सोयीची अशी रविवारची वेळ तेथे मिळू शकते का?