चर्चा: माळावर सरसकट चराईबंदी हवी का?

माळकरी:
चराईबंदी म्हटलं की हिवरे बाजारचं नाव निघतंच. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांनी गाव सावरलं, वाद नाही. पण तिथे गवत कापून गोठ्यात घालायचं ठरलं. दुभत्या गाईला ते जमतं. तीनशे मेंढ्यांना विळ्याने कापून कोण घालणार? हाच नियम सोलापूर-सांगलीच्या माळावर आणला की मेंढपाळ बाहेर, आणि मोकळ्या माळावर गिरिपुष्पाची, म्हणजे बाहेरून आणलेल्या झाडाची रोपं! म्हणे पडीक जमीन सुधारली. लांडगा, खोकड, चिंकारा जिथे राहतात ती जमीन पडीक कशी?

शिवारकर:
आमच्या गायरानावर या एकदा. मारवेलसारखं चांगलं गवत औषधालाही उरलेलं नाही. आहे ती कुसळी, आणि जनावर तोंड लावत नाही तो तरवड. पहिल्या पावसाने कोंब वर आला की लगेच खुडला जातो. मुळं जोर धरणार कधी, बी पडणार कधी? लांडग्याचं कौतुक मलाही आहे, पण आधी गवत तर राहू द्या.

माळकरी:
मग जून ते दसरा बंद ठेवा. बी पडलं की उघडा. बारा महिने कुलूप कशाला?

वाड्यावरचा:
नियम झकास. फक्त आम्ही मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतो आणि पावसाआधी वर येतो, कारण तिथल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. म्हणजे आम्ही घरी तेव्हा माळ बंद, आणि माळ उघडला की थोड्याच दिवसांत आम्ही घाटाखाली! त्यापेक्षा माळाचे तीन तुकडे पाडा. एक बंद, दोन चालू, दरवर्षी पाळी बदला. आणि खतासाठी रानात मेंढ्या बसवायला बोलावता, तेव्हा बरी मेंढी गोड लागते!

शिवारकर:
तुकडे मान्य. पण राखण कुणी करायची? तुम्ही पाळी पाळाल. पलीकडच्या तालुक्यातून आलेला कळप का पाळेल?

माळकरी:
हक्क कागदावर आला तर अडवता येईल. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांची हंगामी चराई धरलेली आहे. मेख अशी की अनुसूचित जमातीबाहेरच्यांनी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवायचं. सहा-सात महिने पालात काढणाऱ्याने कुठला उतारा दाखवायचा?

शिवारकर:
तो कायदा वनजमिनीचा. गायरान महसुलाचं. तिथे पाळी लावायची तर ग्रामसभेत बसूनच ठरवावं लागेल.

वाड्यावरचा:
आमच्याकडे बंदीचा ठराव २६ जानेवारीच्या सभेत झाला. तेव्हा आमचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकटचे तळ, रायगडात. १५ ऑगस्टला विषय घ्या, सगळे येतो.

शिवारकर:
घेऊ. पण बाहेरच्या कळपाचं काय, ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत.